कूलंटच्या रंगावर जाऊ नकोस

अगं, अप्पांची झेन आता तू चालवणार, हे आईकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. विकली असती तर एवढी जपलेली गाडी बहुधा थेट भंगारातच गेली असती. तू विचारलंस ना, की टायर झाले, बॅटरी झाली, ब्रेक झाले, फक्त कूलंट राहिलंय आणि स्पेअर पार्टवाला विचारतोय, "ताई, हिरवं देऊ की लाल?" त्याला आत्ताच काही सांगू नकोस. दोन दिवस थांब आणि आधी हे वाच. नव्या गाडीचं कूलंट चुकलं तर कंपनी आहे, वॉरंटी आहे. जुन्या गाडीला फक्त तू आहेस.

पहिली गोष्ट मनात पक्की बसव. कूलंटचा रंग म्हणजे त्यात घातलेला नुसता रंग. कुठल्या प्रकाराला कुठला रंग द्यायचा याचं बंधन कुणावरच नाही. एका कंपनीचं हिरवं कूलंट अगदी जुन्या पद्धतीचं असतं, तर दुसरीचं हिरवं नव्या पद्धतीचं. लाल म्हणशील तर जपानी गाड्यांचं लाल वेगळं आणि युरोपी गाड्यांचं लाल वेगळं. आईची बीपीची गोळी गुलाबी आहे म्हणून आपण तिला शेजारच्या काकूंची गुलाबी गोळी देऊ का? तसंच आहे हे. "आधी हिरवं होतं म्हणून हिरवंच टाकलं" हे वाक्य गॅरेजमध्ये रोज ऐकू येतं, पण त्यात अर्थ नाही.

मग बघायचं काय? त्यासाठी बाटलीत नेमकं काय असतं ते समजून घे. इंजिनात फिरणाऱ्या द्रवाचे तीन वाटेकरी असतात: पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेण्याचं काम मुख्यतः पाणी करतं. ग्लायकॉलमुळे पाणी लवकर गोठत नाही आणि लवकर उकळतही नाही. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल तर मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं आणि उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. गाडीत रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळायची वेळ आणखी पुढे जाते. ०.९ बारचं झाकण असेल तर नुसतं पाणी ११९ अंशांच्या जवळपास उकळतं आणि हे मिश्रण १२८ च्या जवळपास. मे महिन्यात अकोल्या-नागपूरच्या उन्हात एसी लावून सिग्नलला उभं राहावं लागतं, किंवा चार माणसं आणि सामान घेऊन कसारा घाट खालच्या गिअरमध्ये चढावा लागतो, तेव्हा हे मधले नऊ अंशच गाडीला वाचवतात.

आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न सहसा येत नाही. म्हणूनच "इथं कुठं बर्फ पडतो, साधं पाणी टाका, जुन्या गाडीला तेच मानवतं" असं सांगणारे तुला हमखास भेटतील. मनाने चांगली माणसं असतात ती, पण त्यांचं ऐकू नकोस. ते तिसऱ्या वाटेकऱ्याला विसरतात. गंज रोखणाऱ्या रसायनांचं प्रमाण बाटलीत अगदी थोडं असतं, पण जुन्या गाडीसाठी तू पैसे मोजतेस ते खरं तर त्यांच्यासाठीच.

तुझ्या गाडीच्या पोटात किती धातू एकाच पाण्यात भिजत असतात ते बघ. झेनच्या ९९३ सीसी इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉकही ॲल्युमिनियमचा. सिलिंडरच्या आतली बाही लोखंडाची. होज पाइप ज्या तोंडांवर चढतात त्यांतली काही पोलादाची. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, नाहीतर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिशा-कथलाने झाळलेले. दोन वेगळे धातू क्षारयुक्त पाण्यात बुडाले की त्यांच्यात बारीकसा वीजप्रवाह सुरू होतो आणि हलका पडणारा धातू झिजायला लागतो. आपल्या गाडीत तो हलका पडणारा धातू म्हणजे ॲल्युमिनियम, आणि हेड त्याचंच. ही झीज बाहेरून दिसत नाही. दिसते तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असतं आणि खर्चाचा आकडा ऐकून "विकून टाका" हाच सल्ला मिळतो.

ही रसायनं अमर नसतात. धातूला जपता जपता ती संपत जातात. ग्लायकॉल तापून, हवेशी संबंध येऊन हळूहळू आंबट होतं, त्याची आम्लं तयार होतात. म्हणजे टाकीत द्रव दिसतोय, रंगही छान आहे, पण तो गंज रोखत नसून गंज वाढवतो आहे, असं होऊ शकतं. जुन्या गाडीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. म्हणून "कूलंट आहे ना, मग झालं" यावर समाधान मानू नकोस. किती जुनं आहे, हे विचार.

आता प्रकार सांगते. नावं जड वाटतील, पण बाटलीवर तीच दिसतात, म्हणून ओळख करून घे.

जुना प्रकार म्हणजे आयएटी. यात सिलिकेट, फॉस्फेट अशी खनिज रसायनं असतात. ती सगळ्या धातूंवर पटकन एक पातळ थर चढवतात. तांबं, पितळ, झाळलेले सांधे, लोखंड, या जुन्या मंडळींशी त्याचं चांगलं जमतं. पण तो लवकर संपतो. दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर झाले की बदलायचाच.

दुसरा प्रकार ओएटी. यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सरसकट थर चढवत नाहीत, जिथे गंज धरू लागतो तिथेच जाऊन चिकटतात, म्हणून सावकाश खर्च होतात आणि साधारण पाच वर्षं चालतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून मोठ्या कंपन्यांनी हा प्रकार आणला आणि ॲल्युमिनियमच्या नव्या इंजिनांना तो छान मानवला. मात्र शिशाने झाळलेल्या जुन्या रेडिएटरला निव्वळ ओएटी पुरेसं सांभाळत नाही. "पाच वर्षं चालतं, महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार" असं म्हणून कुणी तांब्याच्या रेडिएटरमध्ये ते ओतलं, तर सांधे आतून पांढुरके पडून झिजायला लागतात.

तिसरा प्रकार मिश्र, एचओएटी. सेंद्रिय क्षार आणि थोडी खनिज रसायनं, दोन्ही. यात एक मजेशीर फाटा आहे आणि तुझ्या गाडीला तो थेट लागू पडतो. युरोपात पाणी कठीण, म्हणजे चुना जास्त. फॉस्फेट आणि चुना एकत्र आले की साका तयार होतो, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना वॉटर पंपाच्या सीलची काळजी होती, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. पुढे कोरियन कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. झेन आणि ८०० सुझुकीच्या, म्हणजे जपानी घराण्यातल्या. सँट्रो कोरियन घराण्यातली. या गाड्यांना सिलिकेट नसलेलं, फॉस्फेटचं मिश्र कूलंट बरं. ऑक्टाव्हियासारख्या जुन्या युरोपी गाड्यांना त्यांच्या कंपनीने सांगितलेलंच. तिथे जी-११ आणि लाल जी-१२ एकमेकांत मिसळले तर तपकिरी गाळ होतो, हे त्या गाड्यांचे जुने मालक तुला सांगतील. ट्रक-ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनांचं गणित आणखी निराळं, त्यांच्या कॅनमधलं उरलंसुरलं आपल्या गाडीत नको.

पण फक्त गाडीचं घराणं बघून भागत नाही. जुन्या गाडीत मूळचे भाग किती राहिलेत हेही बघावं लागतं. म्हणून एक काम कर. सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघड आणि टॉर्च घेऊन रेडिएटरच्या वरच्या टाकीकडे बघ. टाकी काळ्या प्लास्टिकची असेल आणि तिच्या कडेने बारीक दातेरी पत्रा दाबून बसवलेला दिसत असेल, तर आतली जाळी बहुधा ॲल्युमिनियमची. टाकी पत्र्याची असेल, वर काळा रंग असेल, नळीच्या तोंडाशी झाळल्याचे राखाडी ओघळ दिसत असतील आणि रंगाचा पोपडा उडालाय तिथे तांबूस-पिवळा धातू चमकत असेल, तर रेडिएटर तांब्या-पितळेचा. पूर्वी रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात लोक हौसेने तांब्याची जाळी बसवून घ्यायचे, त्यामुळे गाडीच्या वयावरून अंदाज बांधू नकोस. स्वतः बघ.

मग निवड सोपी होते. प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी असेल तर झेनला जपानी पद्धतीचं, फॉस्फेट असलेलं आणि सिलिकेट नसलेलं कूलंट घे. तांब्या-पितळेचा, झाळलेला रेडिएटर असेल तर चांगल्या प्रतीचं जुन्या पद्धतीचं आयएटी घे आणि दर दोन वर्षांनी न चुकता बदल. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी जीप, यांनाही हेच. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण हौशी लोकांच्या घरी त्या गाड्या अजून आहेत, आणि त्यांच्यात कुणी भारीतलं ओएटी कूलंट ओतताना दिसलं तर त्याला थांबव. गाडीचं मॅन्युअल सापडलं तर त्यात लिहिलेलं अंतिम. अप्पांनी ते डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असायचं, शोध जरा.

आता जुन्या गाडीचा खरा पेच सांगते. तुझ्या गाडीत आत्ता काय आहे, हे कुणालाच माहीत नाही. अप्पांनी एका गॅरेजमध्ये हिरवं टाकून घेतलं असेल, प्रवासात कुठेतरी पेट्रोल पंपावरचं पाणी घातलं असेल, पुढच्या सर्व्हिसला कुणी लाल ओतलं असेल. जुनं आणि नवं मिसळलं की दोघांचं आयुष्य घटतं. वाईट जोडी जमली तर गाळ होतो आणि तो नेमका हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. म्हणून माझं सांगणं एवढंच की जुनी गाडी हातात आली की वर भर घालत बसायचं नाही. सगळं काढून, धुऊन, पहिल्यापासून सुरुवात करायची. तू कोणती बाटली निवडतेस यापेक्षाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

धुण्याची पद्धत सौम्य ठेव. रेडिएटर साफ करायची तीव्र रसायनं मिळतात. जुन्या गाडीत ती वापरली की गंजाबरोबर गंजाने बुजलेली भोकंही मोकळी होतात आणि नवी गळती सुरू होते. साधं डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटरची कळ गरमवर ठेवायची, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत म्हणजे वरचा होज पाइप गरम होईपर्यंत थांबायचं, बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि काढायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मेकॅनिकला याचा कंटाळा येतो, म्हणून मजुरी आधीच ठरव आणि एक दिवस गाडी त्याच्याकडे ठेवायची तयारी ठेव.

पाण्याच्या बाबतीत हयगय नको. आपल्या बोअरवेलचं पाणी किती कठीण असतं ते गीझरच्या कॉइलवर पांढरे थर बघून तुला माहीतच आहे. तेच थर इंजिनाच्या आत बसतात, आणि फॉस्फेटच्या कूलंटमध्ये असं पाणी घातलं तर साका होणारच. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. काही जण एसीचं ठिबकलेलं पाणी साठवतात. त्यात क्षार कमी असले तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण उतरलेले असतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन स्वस्तात मिळतो. तोच आण, आणि एक बाटली डिकीत कायम ठेव.

प्रमाणाचा हिशेब कागदावर मांडून बघ, कारण बहुतेक ठिकाणी इथेच गडबड होते. समज तुझ्या गाडीत एकूण ४ लिटर द्रव मावतो. रेडिएटरचा खालचा नळ उघडला तरी सगळं बाहेर येत नाही, ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये काही उरतं. धर, धुतल्यावर दीड लिटर नुसतं पाणी आत राहिलं. आता तू ३० टक्क्यांचं तयार कूलंट आणलंस आणि अडीच लिटर भरलंस. त्यात ग्लायकॉल किती? पाऊण लिटर. चार लिटरमध्ये पाऊण म्हणजे जेमतेम १९ टक्के. इतक्या पातळ मिश्रणात गंज रोखणारी रसायनंही तेवढीच पातळ होतात आणि एवढी सगळी मेहनत वाया जाते. म्हणून धुतलेल्या गाडीसाठी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट घे. ४० टक्के हवं असेल तर आधी १.६ लिटर कॉन्सन्ट्रेट ओत आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भर. म्हणजे आत उरलेल्या पाण्याचाही हिशेब जुळतो. आपल्या हवामानात ३० ते ५० टक्के ठीक. ३० च्या खाली जायचं नाही. आणि "जास्त घातलं तर जास्त गार" असंही नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, ६० टक्क्यांच्या पुढे गेलं की गाडी उलट गरम राहते.

बाटली घेताना मागची बाजू वाच. आयएस ५७५९ हे आपलं भारतीय मानक, जेआयएस के २२३४ हे जपानी, एएसटीएम डी ३३०६ हे अमेरिकन. यांपैकी एखाद्याचा उल्लेख आणि कुठल्या प्रकारचं आहे याचा खुलासा हवा. कूलंटची एक ठरलेली चाचणी असते, एएसटीएम डी १३८४ नावाची. काचेच्या भांड्यात तांबं, पितळ, झाळकामाचा धातू, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा धातूंचे तुकडे कूलंट मिसळलेल्या क्षारयुक्त पाण्यात बुडवतात, ८८ अंशांवर ३३६ तास ठेवतात, त्यातून हवा सोडत राहतात आणि शेवटी प्रत्येक तुकड्याचं वजन किती घटलं ते मोजतात. तुझ्या इंजिनातही हेच सगळे धातू वर्षानुवर्षं असेच उकळत्या पाण्याच्या जवळ राहतात. म्हणून मानकाचा उल्लेख नसलेलं, फक्त "सुपर कूल" छापलेलं चमकदार पाणी घेऊ नकोस.

घरच्या घरी एक पहिली चाळणीही लावता येते. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जड असतं. अस्सल कॉन्सन्ट्रेटची सीलबंद एक लिटरची बाटली वजनकाट्यावर ठेव आणि रिकाम्या बाटलीचं वजन वजा कर. उरलेलं वजन १,१०० ग्रॅमच्या पुढे भरायला हवं. १,००० ग्रॅमच्या आसपासच घुटमळलं, तर तो रंगीत पाण्याचा व्यवहार आहे. वजन बरोबर भरलं म्हणजे माल अस्सलच असं नाही, पण वजन चुकलं तर खोटा नक्की.

गॅरेजमध्ये जाताना मनात संकोच ठेवू नकोस. बाईमाणूस गाडीचं काय विचारणार, अशा नजरा अजूनही येतात, पण नेमका प्रश्न विचारला की त्याच नजरा बदलतात. शांतपणे सांग, "दादा, कूलंट मी आणलंय, तेच वापरायचं. सील माझ्यासमोर फोडा. पाणी या कॅनमधलं." आणि विचार, "थर्मोस्टॅट आहे ना आत?" हा प्रश्न मुद्दाम विचार, कारण जुनी गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे सवयच आहे. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो आणि इंजिनाला त्याच्या योग्य तापमानावर ठेवतो. तो काढला की काटा खाली दिसतो, मालक खूश होतो, पण इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो आणि गाडी गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं. थर्मोस्टॅट नसेल तर याच वेळी नवा बसवून घे. होज पाइप दाबून बघ. कडक झालेले, फुगलेले किंवा भेगा पडलेले असतील तर तेही आत्ताच बदल, क्लिपांसकट.

रेडिएटरच्या झाकणाचीही आठवण ठेव. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. दुसऱ्या आकड्याचं झाकण लावू नकोस. खालचं रबर कडक झालं असेल तर नवीन घे, किंमत किरकोळ असते. या झाकणात दोन झडपा असतात. इंजिन तापलं की एक उघडून जादा द्रव बाजूच्या बाटलीत सोडते आणि इंजिन गार झालं की दुसरी तो परत आत ओढून घेते. म्हणून गरम असताना बाटलीतली पातळी थोडी वर आणि गार झाल्यावर खाली दिसायला हवी. बाटली नुसतीच भरत चालली आणि रेडिएटर रिकामा होत गेला, तर दोष बहुधा झाकणाचा.

आणि राणी, हे मी तुला हात जोडून सांगते: गरम इंजिनाचं झाकण कधीही, कितीही घाई असली तरी उघडायचं नाही. आपल्या लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, ओलं फडकं टाकून झाकण फिरवणारे लोक तूही बघितले आहेस. दाब सुटला की आतला द्रव क्षणात उकळतो आणि वाफेसकट तोंडावर, छातीवर येतो. फडकं ते अडवू शकत नाही. काटा वर जायला लागला तर एसी बंद कर, हीटर पूर्ण गरमवर लाव, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर आणि थांब. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांब. अर्धा तास, तास, लागेल तेवढा. आपण उशिरा पोचलो तर कुणाचं काही बिघडत नाही.

रस्त्यात रेडिएटर गळायला लागला तर कुणीतरी हळद टाकायला सांगेल. जुने ड्रायव्हर हळदीने भोक बुजवून गाडी घरापर्यंत आणायचे, हे खरं आहे. अगदीच अडचण असेल तर तेवढ्यापुरतं चालेल, पण ती हळद नंतर बारीक नळ्याही बुजवते. घरी पोचल्यावर रेडिएटर दुरुस्त करून सगळं पुन्हा धुवायचं. बाहेर कुठेच गळती नाही आणि तरी पातळी उतरतेय, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा साका दिसतोय, तर वर भर घालत राहू नकोस. हेड गॅस्केट तपासून घे. वेळेवर कळलं तर गॅस्केट आणि फेसिंगवर भागतं, उशीर झाला तर इंजिनच उतरवावं लागतं. शेजारच्या सीटच्या पायाशी ओल आणि आत गोड वास आला तर हीटरची कॉइल गळतेय असं समज. आणि नवं कूलंट घातल्यावर एखादा सांधा पाझरू लागला तर कूलंटला दोष देऊ नकोस. ग्लायकॉल बारीक फटींतून सहज झिरपतं, पाण्याच्या वेळी गंजाने झाकलेली फट त्याने फक्त दाखवून दिली.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि ते चवीला गोड असतं. तुमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये कुत्री-मांजरं फिरतात. खाली सांडलेलं ती चाटतात. मांजराचा जीव घ्यायला चमचाभर पुरतं. शरीरात त्याची आम्लं होतात आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. म्हणून कॅन कायम झाकणबंद, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेव. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर चुकूनही भरू नकोस. सांडलं तर वाळू किंवा भुसा टाकून टिपून घे आणि भरपूर पाण्याने जागा धू. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतायचं नाही, त्यात शिसं आणि तांबंही उतरलेलं असतं. कॅनमध्ये भरून, जळकं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजकडे दे, आधी विचारून. कुणाच्या पोटात ते गेल्याची नुसती शंका जरी आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं आणि डॉक्टरांना बाटली दाखवायची. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.

काम झाल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी पातळी बघ. आत अडकलेली हवा बाहेर पडते तशी ती थोडी उतरते, मग त्याच प्रमाणाचं मिश्रण करून भर घाल. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. वर्षातून एकदा पीएचची पट्टी बुडवून बघ. सातच्या खाली आलं की मुदत बाकी असली तरी कूलंट संपलं समजायचं.

शेवटचं काम दोन मिनिटांचं आहे, पण ते विसरू नकोस. एका स्टिकरवर कूलंटचा प्रकार, कंपनीचं नाव, प्रमाण, भरल्याची तारीख आणि तेव्हाचे किलोमीटर पक्क्या शाईने लिही आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटव. तुझा मेकॅनिक बदलेल, कधी नवरा गाडी सर्व्हिसिंगला नेईल, पुढे कदाचित लेक चालवेल. त्यांच्यापैकी कुणावरही "हिरवं की लाल" या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने द्यायची वेळ यायला नको. रविवारी रेडिएटरचा फोटो काढून पाठव. टाकी पत्र्याची आहे की प्लास्टिकची, ते आपण दोघी बघू आणि मगच दुकानात जा.